साडेतीनशे पोरांचं कॉलेज

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की पहिल्या दिवशी मी हजेरीपट आणि पेन्सिल घेऊन वर्गात जाते. द्वितीय वर्ष कला, इतिहास. गेल्या ऊसतोडीच्या हंगामात पटावर ४१ नावं होती आणि समोर बाकांवर १८ जण. मी नावं घेत जाते. जो नाही त्याच्याबद्दल बाकीची पोरं सांगतात. "मॅडम, तो कराडकडं गेला." "ती बारामतीच्या अंगाला हाय." "त्यांची टोळी यंदा बेळगावला उतरली." मी त्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक अक्षरात ठिकाण लिहून ठेवते. पेनानं लिहायला तिथं जागा नाही. पेनानं फक्त हजर किंवा गैरहजर एवढंच लिहायचं असतं.

हे असं लिहा म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा पट्टा पडायला लागतो, म्हणजे गाळप थांबतं, तेव्हा कोण कधी परत येईल याचा अंदाज मी त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बांधते. परीक्षेचा अर्ज कुणाचा राहिला, कुणाच्या मुकादमाला फोन लावला म्हणजे निरोप पोचेल, हे त्यावरून कळतं. २००२ सालापासून मी या कॉलेजात शिकवते. असे पट माझ्या कपाटात ठेवलेले आहेत.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शाखा एकच, कला. तिन्ही वर्षांची मिळून साडेतीनशेच्या आसपास पोरं, त्यांत मुली जास्त. सात खोल्या, त्यांतल्या दोनांवर पत्रे. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, मग तास लिंबाखाली होतो. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, हिंदी. बहुतेक विभागांत एकच शिक्षक. इतिहास विभाग म्हणजे मी. विभागप्रमुख मीच, राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी मीच, आणि कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकच्या निकषांपैकी एकाच्या फायलीही माझ्याच टेबलावर.

वेळापत्रक आम्ही भिंतीवर लावतो खरं, पण ते ठरवते एस.टी. वाड्या-तांड्यांवरून निघालेल्या मुक्कामी गाड्या सकाळी आठच्या सुमारास स्टँडवर येतात. सव्वाची गाडी चुकली तर पुढची साडेचारला. म्हणून कॉलेज साडेआठला सुरू होतं आणि एकला संपतं. एखादा तास रंगला, कुणी चांगला प्रश्न विचारला, तरी एकला पाच मिनिटं कमी असताना मुलींचं लक्ष घड्याळाकडं जातं. मी त्यांना कधी थांबवत नाही. साडेचारच्या गाडीनं मुलगी घरी पोचेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो, आणि असा दोनदा अंधार पडला की तिसऱ्या दिवशी ती येत नाही. २०२१च्या २० ऑक्टोबरला कोविडनंतर कॉलेजं उघडली आणि आठवड्याभरात एस.टी.चा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मुलांनी मोटरसायकली काढल्या, ट्रिपल सीट आले. मुली घरी राहिल्या. त्या वर्षी ज्यांचं सुटलं, त्यांतल्या बऱ्याच जणींचं कायमचं सुटलं. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ज्यांना महिन्याचा पास परवडत नव्हता, ज्या आठवड्यातून तीनच दिवस येऊ शकत होत्या, त्या काही जणी परत दिसायला लागल्या. एक सवलत आणि एक गाडी यांवर आमच्याकडं एका मुलीची पदवी उभी असते.

हे सगळं लिहायचं कारण एक आकडा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणाच्या संस्था मोठ्या आणि बहुविद्याशाखीय असाव्यात, त्यांत ३,००० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असावेत, असं म्हटलं आहे. त्याआधीच्या २०१९च्या मसुद्यातच नोंद होती की देशातल्या वीस टक्क्यांहून जास्त महाविद्यालयांत शंभरपेक्षा कमी प्रवेश होतात आणि ३,०००च्या वर प्रवेश असलेली महाविद्यालयं जेमतेम चार टक्के. म्हणजे आज जे अगदी थोड्यांना जमलं आहे, त्या मापानं सगळ्यांना मोजायचं. तेव्हापासून ज्या सभेला, ज्या कार्यशाळेला जावं तिथं एकच सूर ऐकू येतो : कमी पटाची कॉलेजं जवळच्या मोठ्या कॉलेजात मिळवा, नाहीतर बंद करा. बोलणारी माणसं वाईट नाहीत. मोठ्या संस्थेत ग्रंथालय चांगलं असतं, विषय निवडायला मिळतात, शिक्षक जास्त असतात, हे खरंच आहे. आमच्या ग्रंथालयात इतिहासकार कोसंबींच्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि ती मी घरी नेली तर पोरांना मिळत नाही. मला हे कळतं.

पण मग माझ्या पुण्याच्या भाचीचं काय? ती तिथं लिबरल आर्ट्स शिकते. वर्षाची फी लाखांत आहे. ती फोनवर कौतुकानं सांगते : वर्गात पंचवीसच मुलं असतात, सगळे गोल करून बसतात, प्राध्यापकांना प्रत्येकाचं नाव माहीत असतं, कुणी दोन दिवस आलं नाही तर विचारतात, एक आठवडा खेड्यात राहून अभ्यास करायचा असतो. तिचं ऐकून मला खरंच आनंद होतो. तिला मिळतंय ते उत्तम शिक्षण आहे आणि तिच्या आईबापांनी त्यासाठी घराचं कर्ज लांबवलं आहे. पण फोन ठेवल्यावर मी माझ्या वर्गाकडं बघते. अठरा पोरं. सगळ्यांची नावं मला पाठ, गावं पाठ, कुणाच्या आजीला मोतीबिंदू झाला तेही माहीत. खेड्यात जाऊन राहायची गरज नाही, ती तिथूनच आलेली असतात. तोच लहान वर्ग पुण्यात गुणवत्ता म्हणून विकत घेतला जातो आणि बालाघाटात अपुरा पट म्हणून लाल शाईत दाखवला जातो. मला हे मान्य होत नाही आणि कधी होणार नाही.

लहान असणं ही आमची ताकद कशी, ते फक्त जिव्हाळ्याच्या गोष्टी सांगून पटणार नाही, म्हणून अंतराचं बोलते. मी स्वतः अंबाजोगाईला शिकले ती एकाच कारणानं. आमच्या गावाहून सकाळी गाडी होती आणि संध्याकाळी परत होती. वडील म्हणाले, "दिवस मावळायच्या आत उंबऱ्यात येत असशील तर शिक." थोरल्या बहिणीच्या वेळी ती गाडी नव्हती. ती माझ्यापेक्षा हुशार होती. गावातल्या शाळेपुढं गेली नाही. आज कॉलेज पन्नास किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी नेलं तर मुलं जातील, खोली करून राहतील, मेस लावतील. मुलींपैकी किती जातील, हे मी नावानिशी सांगू शकते. पटावर पेन्सिलीनं खुणा करून दाखवू शकते.

आणि आमच्याकडं घरी राहिलेल्या मुलीचं पुढं काय होतं तेही सांगायला हवं. उसाच्या तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला पुरी. म्हणून दसऱ्याच्या आधी लग्नं उरकली जातात. मुलगी बारावी झाली, कॉलेज लांब, घरात एकटी ठेवायची कुणापाशी? चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या घरी मी गेले होते. ती प्रथम वर्षाला वर्गात पहिली आली होती. तिचे वडील अंगणात टायरगाडीचं जू बांधत बसले होते. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाय, मला कळतंय. पण आमी पाच म्हैने तिकडं. हिला कुणाच्या भरोशावर ठिवावी?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शाळेच्या वयातल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली जाहीर झाली, ती चांगलीच आहे. पण त्या दिवशी त्या अंगणापासून चालत जाता येईल असं, मुलीला ठेवता येईल असं ठिकाण एकही नव्हतं. आमच्या कॉलेजात रिकाम्या दोन खोल्या आहेत. तिथं पाच महिन्यांसाठी वीस मुलींची सोय करायला एक स्वयंपाकीण आणि एक रखवालदार बाई पुरेल. हे मी चार वेळा लिहून दिलं आहे.

आता दुसरी बाजू. कागदावरची कॉलेजं आहेत. एका खोलीत फलक लावून प्रवेश दाखवणारी, पोरं फक्त परीक्षेला आणणारी, कॉपी पुरवून निकाल लावणारी. शिक्षणाशी काही देणंघेणं नसताना कुणाच्या तरी सोयीसाठी काढलेली कॉलेजं आमच्या भागात आहेत आणि ती बंद झाली तर मला काडीचंही दुःख होणार नाही. त्यांच्यामुळं आमच्या पोरांच्या पदवीकडं लोक संशयानं बघतात. पण पटाचा आकडा या दोहोंत फरक करत नाही. उलट कागदावरचा पट नेहमी भरलेला असतो. खऱ्या वर्गात पोरं येतात आणि जातात, म्हणून खऱ्या वर्गाचाच पट कमी दिसतो. तपासायचंच असेल तर कुणीतरी न कळवता नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता यावं आणि शिक्षकाला विचारावं, जी पोरं समोर नाहीत ती कुठं आहेत? उत्तर देता आलं तर ते कॉलेज खरं.

शिक्षकांबद्दल लिहिते तेव्हा माझ्या पगाराचं लिहायला मला लाज वाटते, कारण मी पूर्णवेळ आहे, अनुदानित जागेवर आहे. राज्यशास्त्राचे आमचे सहकारी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. नेट झाले, पीएच.डी. झाले. पदवीच्या वर्गाला तासिकेचे ९०० रुपये. आठवड्याला नऊ तास मिळतात. महिन्याचे छत्तीस धरले तर कागदावर ३२,४०० होतात, पण दिवाळी, परीक्षा, उन्हाळा, जयंत्या, मतदान हे सगळं त्यातून वजा होतं आणि जे उरतं ते कित्येक महिन्यांनी एकदम हातात पडतं. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं नुसतं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. दर जूनमध्ये हे सर स्वतःच्याच जागेसाठी मुलाखतीला बसतात. पहाटे ते गावातल्या दूध संकलनावर फॅट काढायला असतात, तिथून अंघोळ करून कॉलेजात येतात, आणि संविधान असं शिकवतात की मीही कधीकधी मागच्या बाकावर जाऊन बसते. गेल्या वर्षी निरोप समारंभात एका मुलीनं त्यांना विचारलं, "सर, माझी बहीण यंदा ॲडमिशन घेणार हाय. तुम्हीच असाल ना?" ते हसले, काही बोलले नाहीत, आणि नंतर स्टाफरूममध्ये बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. तीस वर्षांच्या माणसाला असं उभं करणं समजू शकते. ते बेचाळीसचे आहेत.

लहान कॉलेजं नीट चालत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी ही जागा भरावी. एका शिक्षकाच्या विभागात तो एक शिक्षकही दरवर्षी बदलणार असेल, तर पोरांना ओळखणार कोण?

नव्या अभ्यासक्रमात मेजर, मायनर, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असं पुष्कळ काही आलं आहे. विषय चांगले आहेत, शिकवायला माणसं नाहीत. तिसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यायचा आहे. आमच्या गावात पोरांना कुठं पाठवायचं यावर आमच्या दोन बैठका झाल्या. पतसंस्था, ग्रामपंचायत, दोन कापड दुकानं, एक झेरॉक्स सेंटर. तिसऱ्या बैठकीत समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "आपली निम्मी पोरं पाच महिने कामच करतायत की!" मला ते फार पटलं. उचल किती घेतली, मोळी किती किलोची, टनाचा भाव काय, खाडा झाला तर किती कापतात, वाढं विकून किती आले, हंगाम संपताना अंगावर किती उरलं. एवढा हिशोब एका पोरीनं नीट मांडला तर तो अर्थशास्त्राचा खरा पेपर होईल. तो मांडायला शिकवणं हे आमचं काम आहे आणि त्याला श्रेयांक देणं हे विद्यापीठाचं. आणि ऊसतोडीच्या तालुक्यांपुरतं सत्राचं वेळापत्रक तरी वेगळं करता येईलच. जून ते ऑक्टोबर भरगच्च शिकवायचं, मधले महिने घरून करायचा अभ्यास, एप्रिल-मेमध्ये पुन्हा वर्ग. मे महिन्यात पत्र्याखाली शिकवायची आमची तयारी आहे.

मराठवाड्याला हे सगळं नवं नाही. निजामाच्या राज्यात पुढचं शिकायचं तर इथली पोरं हैदराबादला जायची, तिथं उस्मानियात उर्दूतून शिकायची. ज्यांना ते जमेना ती घरी राहायची. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आलं. ज्यांच्या घरात कुणी शाळा पाहिली नव्हती ती पोरं तिथं आली, आणि त्याच परिसरातून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' नियतकालिक उभं राहिलं. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे, पुढं तिथंच प्राचार्य झाले. तेव्हा या कॉलेजांचा पट कुणी असा मोजला असता तर काय झालं असतं, याचा मी विचार करते.

मी पंधरा वर्षांपासून द्वितीय वर्षाला एक प्रकल्प देते. घरातल्या किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवून १९७२चा दुष्काळ विचारायचा आणि जसं सांगतील तसं लिहायचं. सुकडी, मिलोची लाल भाकरी, खडी फोडायची कामं, पाझर तलावावर बाळंत झालेल्या बाया. या वह्या मी रद्दीत जाऊ देत नाही, पटांशेजारीच ठेवते.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या पटावरचा सतरा नंबर परत आला. नोव्हेंबरात तिच्या नावापुढं मी पेन्सिलीनं 'वाळवा' लिहिलं होतं. तळहातांवर उसाच्या पाचटानं चिरलेल्या रेघा होत्या, काही अजून ओल्या. तिनं पिशवीतून शंभर पानी वही काढली. वर ठिकाण लिहिलं होतं, कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या. तळावर नातवंडं सांभाळायला आलेल्या म्हाताऱ्यांना तिनं रात्री मोबाइलच्या उजेडात बसून विचारलं होतं. जालन्याकडची एक, परभणीकडच्या दोघी, चाळीसगावची एक. तीन ठिकाणचा दुष्काळ एका वहीत. अक्षर कुठं कुठं पसरलेलं, एका पानावर काकवीचा डाग. इतका चांगला प्रकल्प मला त्या वर्षी दुसरा मिळाला नाही.

मी तिला वीसपैकी अठरा दिले. ती म्हणाली, "मॅडम, दोन कशाचे गेले?"

"सांगणाऱ्यांची वयं लिहिली नाहीस गं."

"त्यान्लाच म्हाईत नव्हती."

"मग तसं लिहायचं. वय सांगता येत नाही, असं."

तिनं वही माझ्या हातातून घेतली, बाकावर टेकवली आणि पेन शोधायला लागली. मी तिला माझी पेन्सिल दिली. ती म्हणाली, "नको मॅडम, पेनानं लिहिते."